अहो, त्या मँडर्लीतलं ऐकलंत का?

अहो, जरा इकडे सरका ना, हळू बोलते. ऐकलंत का, काल भिशीत काय जुंपली ती? पैशांवरून नाही हो, द विंटरांच्या घरावरून! वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मॅक्सिमनं केलं ते बरोबरच केलं. असली बायको पदरात पडल्यावर दुसरं करणार काय माणूस?" झालं! बँकेतल्या मॅडम तोंडात घास धरून तशाच राहिल्या. मग म्हणतात कशा, "गोळी घातली ना त्यानं बायकोला? मग होडीत घालून बुडवली ना? आणि तुम्ही बरोबर म्हणताय?" वहिनींचा चेहरा बघायला हवा होतात! खर्रकन उतरला. उत्तर नव्हतं हो त्यांच्याकडे. आणि तुमच्यापासून काय लपवायचं, आमच्यातल्या एकीकडेही नव्हतं, कारण 'रिबेका' वाचताना सगळ्यांनीच मनातल्या मनात... थांबा, क्रमानं सांगते.

ती पोरगी आठवते ना, मॅक्सिमची दुसरी बायको? नाव विचारू नका, अख्ख्या कादंबरीत तिला नावच नाही. मॅक्सिम तिच्या नावाचं कौतुक करतो, किती छान, किती वेगळं, पण ते नाव काय ते आपल्याला शेवटपर्यंत कळू देत नाहीत. मोन्टे कार्लोला एका आगाऊ श्रीमंत बाईची पगारी सोबतीण होती. त्यात हा विधुर भेटला, तिच्या दुप्पट वयाचा, कॉर्नवॉलमधल्या मँडर्ली नावाच्या खानदानी वाड्याचा मालक. मागणी घालतानासुद्धा वेडी म्हणाला तिला! मी तर तिथेच पुस्तक मिटून म्हटलं, बाई गं, सांभाळ. पण ऐकतंय कोण. आईबाप नाहीत, हातात पैसा नाही. हरखून गेली.

आणि मँडर्लीला पोचते तर दारात उभी कोण? घर सांभाळणारी डॅन्व्हर्सबाई! काळा पोशाख, पांढराफटक चेहरा. पहिल्या बायकोची, रिबेकाची खोली जशीच्या तशी ठेवलेली, ब्रश जागेवर, नाइटड्रेस घडी करून. आणि त्या फॅन्सी ड्रेस बॉलच्या वेळी काय केलं आठवतंय ना? जिन्यावरच्या तसबिरीतल्यासारखा ड्रेस शिवा म्हणून गोड बोलून सुचवलं, आणि पोरगी नटून खाली आली तर नवऱ्याचा चेहरा पांढरा! रिबेकानं आधीच्या बॉलला तोच ड्रेस घातलेला. सगळे पाहुणे चिडीचूप. दुसऱ्या दिवशी त्या भवानीनं पोरीला खिडकीशी नेऊन उडी मार म्हणून हळूहळू... माझ्या तर अंगावर काटा आला होता.

पण मला विचाराल तर ती आपली मंथराच. कैकेयीबरोबर माहेराहून आलेली, जीव सगळा मालकिणीत, बाकीचं घर जळालं तरी चालेल. इथे तर शेवटी मँडर्ली खरंच जळालं! आणि योगायोग बघा, १९६४ साली हेमंतकुमारनं ह्याच गोष्टीवर 'कोहरा' काढला, वहिदा आणि बिस्वजितचा. त्यात ती घरातली बाई कोणी केली? ललिता पवारनं! आपली नाशिकच्या येवल्याची. आणि पुढे रामानंद सागरच्या 'रामायणा'त मंथरा कोण? तीच! भगवानदादांची थप्पड लागून डोळा अधू झालेला, पण त्या डोळ्यानं जे काम केलंय... नुसतं बघितलं की समोरच्याची भाकरी करपावी.

तर काय सांगत होते? हां, मॅक्सिम. अर्ध्याहून जास्त पुस्तक ती पोरगी झुरतेय, की ह्याचं अजून पहिलीवर प्रेम आहे, मी कोण, मी काहीच नाही. मग धुक्यात एक जहाज रुतून बसतं, पाणबुड्या खाली जातो, आणि सापडते काय, तर रिबेकाची होडी, केबिनमध्ये मृतदेह. मग हा पठ्ठ्या कबूल करतो, मीच मारली, माझं तिच्यावर कधीच प्रेम नव्हतं, तिटकारा होता. आणि ऐकल्यावर त्या पोरीला काय वाटतं? नवरा खुनी निघाला, पोलिसांत जाऊ? छे! आनंद होतो हो तिला! त्याचं पहिलीवर प्रेम नव्हतं ना, मग झालं तर. तिच्या मनातून खून वगैरे कुठल्या कुठे गेला.

आणि खरी गंमत पुढेच आहे. तिला हायसं वाटलं तसं आपल्यालाही वाटतं! मी म्हटलं ना, वहिनींचा चेहरा उगाच नव्हता उतरला. त्यानंतर आपण दीडशे पानं देवाला हेच विनवत असतो की ह्या खुन्याला फाशी होऊ नको दे. तो फॅव्हेल येतो, रिबेकाचा आतेमामे काय तो भाऊ, दारुडा, पैसे उकळायला आलेला. आपण त्याला शिव्या घालतो, चालता हो मेल्या म्हणतो. पण अहो, त्या सगळ्या घोळक्यात हा खून आहे असं तोंडानं म्हणणारा तो एकटाच! मेला खरं बोलतोय, आणि आपल्याला तो नको वाटतो. मॅक्सिम सभ्य, शांत, चांगल्या घरचा, म्हणून तो हवासा. भिशीत मी हे बोलले तर बँकेतल्या मॅडमनी टाळी दिली आणि वहिनींनी वडा उचलून दुसरीकडे बघितलं.

रिबेका वाईट नव्हती असं मी म्हणत नाही हां. तो भोळा बेन किनाऱ्यावरचा, त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकीन म्हणून धमकावलं होतं तिनं. गरीब गाय नव्हतीच बाई. पण तिचं म्हणणं ऐकलंय कोणी? तिचे जे काही उद्योग आपल्याला ठाऊक, त्यातले बहुतेक मारणाऱ्याच्या तोंडून. आणि ते आपल्याला सांगते कोण, तर त्याच्यावर जीव टाकणारी दुसरी बायको. मेलेलीला काही बोलायची सोयच ठेवली नाही. आपल्या सोसायटीत घटस्फोट होतो तेव्हा आपण तरी दोघांच्या घरचा चहा पिऊन येतो हो!

आणि डॉक्टरांचं कळलं ना? रिबेकानं नवऱ्याला सांगितलं की मूल होणार आहे, तुझं नसलं तरी मँडर्लीत तुझंच म्हणून वाढेल. त्याचं डोकं फिरलं, चाप ओढला. आणि लंडनचे डॉक्टर सांगतात काय, तर तिला कॅन्सर होता, हातात थोडेच महिने, आणि मूल तर तिला कधी होणारच नव्हतं! म्हणजे तिनं मुद्दाम डिवचलं की काय? मरायचं तर होतंच, ह्याच्या हातून मरून ह्यालाच अडकवायचं? हे कळलं की आपण परत मॅक्सिमला माफ करतो. बघा बघा, असं म्हणतो. आजारी बाईला गोळी घातली हे बाजूला, तिनंच घालून घेतली हे पुढे! आणि चौकशीत आधी लागलेला आत्महत्येचा निकाल तसाच कायम. मॅजिस्ट्रेटच्या मनात काय होतं देव जाणे, मॅक्सिमला तर वाटतं त्यानं ओळखलं होतं.

हिचकॉकनं १९४० मध्ये सिनेमा काढला तेव्हा काय झालं ठाऊक आहे ना? हॉलिवूडचे तेव्हाचे नियम कडक. खुनी नवरा शिक्षेविना सुटलेला दाखवायचा नाही. मग काय, रिबेका स्वतःच पडली, डोकं आपटलं, मॅक्सिमनं फक्त प्रेत बुडवलं. सोज्वळ झाला की नाही! ऑस्कर मिळालं सिनेमाला, पण कादंबरीतला दंश काढूनच टाकला बिचाऱ्यांनी. पुढच्याच वर्षी 'सस्पिशन'मध्ये पुन्हा तेच. मूळ पुस्तकात नवरा विष देणारा, बायकोला ते माहीत, तरी ती पेला तोंडाला लावते. सिनेमात कॅरी ग्रँट, मग तो कसा खुनी असेल? बायकोचा गैरसमज! दुधाच्या पेल्यात दिवा लावून ठेवलेला हो हिचकॉकनं, दूध चमकावं म्हणून. एवढी मेहनत करून शेवटी गैरसमज.

बाईंचं मात्र ऐका, 'रिबेका'च्या लेखिकेचं. डाफ्ने ड्यू मॉरिये. नवरा फौजेत, बदलीवर इजिप्तला, अलेक्झांड्रियात, तिथे उन्हात बसून कॉर्नवॉलच्या धुक्याची आठवण काढत हे लिहायला घेतलं. नवऱ्याचं आधी एकीशी ठरलेलं आणि मोडलेलं, दिसायला फार देखणी होती म्हणतात. मग? डोक्यात भुंगा राहणारच ना! १९३८ मध्ये पुस्तक आलं, लोकांनी प्रेमकथा म्हणून डोक्यावर घेतलं, आणि बाईंचं म्हणणं, अहो ही तर मत्सराची गोष्ट आहे. ऐकतंय कोण.

बरं, जाताजाता. त्याच बाईंची १९५१ ची 'माय कझिन रेचेल' वाचलीत ना? तिथे तर त्यांनी आपल्याला पार लटकवलंय. अँब्रोज इटलीत जातो, रेचेलशी लग्न करतो, पत्रं लिहितो की ही मला मारतेय, आणि मरतो. त्यानं वाढवलेला चुलतभाऊ फिलिप आधी तिला पाण्यात बघतो, मग तिच्यावरच भाळतो, दागिने दिले, इस्टेट लिहून दिली, आणि मग स्वतः आजारी. तिच्याकडे विषारी बिया सापडल्या म्हणून ठरवतो, हीच ती! आणि ती काढे करून पाजायची ते विषाचे की नुसते औषधी, ते बाईंनी सांगितलंच नाही. सिनेमात रेचेल झाली ऑलिव्हिया डी हॅविलँड. आणि 'रिबेका'तली ती बिननावाची पोरगी झालेली जोन फॉन्टेन. सख्ख्या बहिणी, आणि एकमेकींशी धड बोलायच्या नाहीत! १९४२ च्या ऑस्करला दोघींची नावं एकाच बक्षिसाला, मिळालं धाकटीला. थोरलीचा चेहरा... ते मी बघायला नव्हते, पण अंदाज करा.

हां, रेचेल. आमच्या जाऊबाई म्हणतात तिनंच विष घातलं, माझ्या सुनेचं म्हणणं बिचारी निर्दोष. दोघींना भांडू दे. तुम्ही पुस्तक घेऊन जा, माझ्याकडची प्रत आहे, पानं मुडपू नका तेवढी. रेचेल नवीन बागेत फिरायला निघते ना, तो भाग नीट वाचा. तिथला पूल कच्चा आहे, वजन पेलणार नाही, असं कामगारानं फिलिपला आधीच सांगून ठेवलं होतं. तिनं काय केलं ते कोणालाच पक्कं माहीत नाही. त्यानं तिला पुलाचं सांगितलं नाही, हे मात्र तो स्वतःच सांगतो.