तब्येतीपुरते आबा

सोलापूर-पुणे महामार्गावर चिंचोळी एमआयडीसी लागते. औषधं, रसायनं, कापड असं बरंच काही इथे तयार होतं. सायंकाळी, पाळी सुटण्याआधी, आसपासच्या परमिट रूमा ओसाड असतात. त्या घटकेचे मानकरी म्हणजे आबा. हे आबा एकच नव्हेत. प्रत्येक परमिट रूमला आपापले आबा असतात. टेबल असं की काउंटर दिसावं, पण सुनेच्या माहेरच्यांना रस्त्यावरून आपण दिसू नये.

तरुणपणी लक्ष्मी-विष्णू मिलचा भोंगा ऐकलेला, ती बंद पडल्यावर यंत्रमाग, मग इथेच कुठेतरी सुपरवायझरी, असा एकूण प्रवास. पिणं अगदी माफक. एक नाइन्टी तीन तास पुरते. शेंगदाणे मात्र चार वाट्या. ते फुकट असले तरी खवट निघाले तर आबा पोऱ्याला बोलावून चारचौघांत सुनावतात, "सोलापुरात शेंगा अशा देतेत का बे?" शेंगाचटणीच्या गावात हा हक्क कुणी नाकारत नाही.

आबांचा खरा विषय कायदा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, त्यामुळे प्यायला परवाना लागतो: विदेशी दारूसाठी एका दिवसाचा ५ रुपयांत, आजीव हवा तर १००० रुपयांत. आणि सरकार तो देतं कशासाठी? आरोग्य राखण्यासाठी! आबांनी आजीव परवाना लॅमिनेट करून खिशात ठेवला आहे. घरी कुणी काही बोललं की तो औषधाच्या चिठ्ठीसारखा पुढे येतो. घरच्यांनी तो अजून वाचलेला नाही, एवढंच.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ एप्रिल २०१७ पासून महामार्गापासून ५०० मीटरच्या आतल्या दारूविक्रीवर गदा आली, तेव्हा आबांना विलक्षण महत्त्व आलं. हे ५०० मीटर कुठून मोजायचे, लहान गावांना २२० मीटरची सवलत कशी, हे मालकाला वकिलाआधी आबांनी समजावलं. केरळात नॉर्थ परवूरच्या एका बारने तर दाराकडे जाणारी वाटच भिंती घालून नागमोडी केली, म्हणजे चालायचं अंतर नियमात बसावं. आबांना ही शक्कल पसंत पडली नाही. "आत शिरायला ठीक आहे बे, बाहेर पडताना अभिमन्यू होतो की माणसाचा!"

सात-आठच्या पुढे टेबलाचं कार्यालय होतं. कुठल्या ठेकेदाराला हेल्पर पाहिजेत, बिहारहून आलेल्या पोरांना खोली कोण देईल, कुणाची मोटारसायकल विकायची आहे, कुणाच्या मुलीला सोलापुरातलंच स्थळ हवंय, सगळं आबांना तोंडपाठ. दलाली घेत नाहीत. कुणी प्रेमाने मसाला पापड मागवला तर नाही म्हणत नाहीत.

१४ जुलै २०२५ ला करवाढीविरोधात राज्यातल्या परमिट रूमांनी बंद पाळला. आबा हाडाचे कामगार, त्यांनी आदल्या रात्रीच पाठिंबा जाहीर केला होता. तरी सवयीने साडेसहाला शटरसमोर हजर. बाहेर खुर्ची टाकून बसलेल्या मालकाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"मिलमध्ये आम्ही संप केला तर आमचा पगार कापायचे," ते म्हणाले. "आता संप तुम्ही केला, मालक, आणि नाइन्टी कापली आमची. कुठल्या युनियनमध्ये बसतंय हे?"