नियंत्रण: हंगामी आणि कायम

साखर कारखान्यातील व्यवस्थापकीय नियंत्रण दोन प्रकारचे असते. एक बाहेरून कारखान्यावर येते, दुसरे कारखान्यात वरून खाली उतरते. पहिले जितके घट्ट, तितके दुसरे बारीक, हा नियम कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळपासून राधानगरीपर्यंत लागू आहे.

उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, दिल्ली ठरवते. 2024-25 च्या हंगामाला ती 10.25 टक्के उताऱ्यासाठी टनाला 3400 रुपये होती. साखरेची किमान विक्री किंमतही दिल्लीच ठरवते. ती फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये झाली आणि त्या हंगामापर्यंत जागची हलली नाही. महिन्याला किती साखर विकायची, तो कोटा तिकडूनच येतो. धुराडी कधी पेटवायची हे मुंबईत मंत्री समिती सांगते, गाळप परवाना पुण्याचे साखर आयुक्त देतात, आणि एफआरपीच्या वर किती मागायचे हे जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत जाहीर होते. 7 डिसेंबर 2023 रोजी तर उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर ऐन हंगामात बंदी आली आणि आठवड्याभरात सैलही झाली. कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या कार्यकारी संचालकाने त्या आठवड्यात नेमका कोणता निर्णय घ्यायचा होता, यावर व्यवस्थापनाची पुस्तके गप्प आहेत.

एवढे वजा जाता साहेबांच्या हातात उरतात हजेरी, ओव्हरटाइम आणि चहा. साहजिकच सारी कर्तबगारी तिथे पणाला लागते.

हजेरी ‘थंब’वर चालते. मिल हाऊसमधल्या फिटरच्या अंगठ्याला ग्रीस असते, त्यामुळे यंत्र त्याला ओळखत नाही. म्हणून तो पाळी सुटायच्या आधी पंधरा मिनिटे हात धुऊन यंत्रापाशी उभा राहतो. मिलच्या नव्हे, थंबच्या. संचालकांच्या चिठ्ठीवर लागलेल्याचा अंगठा मात्र कायम स्वच्छ असल्याने पहिल्या फटक्यात उमटतो. दोन अंगठ्यांच्या मधल्या आठ तासांत काय झाले, याची नोंद करणारे यंत्र अजून कोणी मागवलेले नाही.

दुसरे साधन म्हणजे रोजचा सकाळचा रिपोर्ट: गाळप, उतारा आणि बंद. रात्री मिल 40 मिनिटे थांबली, तर ती का थांबली हा प्रश्न दुय्यम. ती वेळ कोणाच्या खात्यावर पडणार हा मुख्य. इंजिनिअरिंग ‘नो केन’ लिहू पाहते. शेती खाते यार्डात उभ्या ट्रॅक्टरांचे फोटो दाखवते. बैठक दोन तास चालते आणि शेवटी ‘इतर कारणे’ या रकान्यावर एकमत होते. ज्या फिटरला बिघाड ठाऊक असतो, त्याला बैठकीला बोलवत नाहीत, कारण तो ड्युटीवर असतो.

गाळपाचा आकडा गाठायचा असेल तर गव्हाणीत येईल ते घ्यावे लागते: वाडे, पाचट, दोन दिवस वाळलेला ऊसही. उताऱ्याचा आकडा गाठायचा असेल तर यातले काहीच घेऊन चालत नाही. साहेबांना दोन्ही हवे असतात. शिवाय 10.25 च्या पुढे उतारा एक टक्का वाढला की 2024-25 च्या हिशेबाने टनाला 332 रुपये जादा द्यावे लागतात. त्यामुळे चीफ केमिस्टकडून उतारा जिल्ह्यात पहिला यावा आणि हिशेबाला जड जाऊ नये, अशी माफक अपेक्षा असते. फेब्रुवारी 2022 मध्ये राज्य सरकारने चालू हंगामाचा उतारा धरून एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली, तेव्हा अनेकांना हायसे वाटले. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला.

पैसे 14 दिवसांत, उशीर झाल्यास 15 टक्के व्याज, असे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. व्याज मागितले तर पुढच्या वर्षी तोडणी प्रोग्रामात आपला नंबर कितवा लागेल, हे मात्र तो सांगत नाही. प्रोग्राम लागणीच्या तारखेवर चालतो. ती तारीख चिटबॉयने नोंदवलेली असते, आणि आता ती मोबाईलवरही दिसते. तरी टोळी फडात उतरते ती खुशाली ठरल्यावर, आणि ड्रायव्हर एंट्री घेतल्याशिवाय गाडी हलवत नाही. हे दोन्ही दर कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नाहीत. गावात सगळ्यांना पाठ असतात. तक्रार आली की नोटीस चिटबॉयला जाते, कारण साखळीत लेखी नेमणूक असलेला सर्वांत खालचा माणूस तोच असतो.

सहकारी कारखान्यात सर्वांत वरचे नियंत्रण सभासदांचे. ते वर्षातून एकदा, वार्षिक सभेत वापरले जाते. अहवालवाचन सुरू होताच पुढच्या रांगा ‘मंजूर, मंजूर’ म्हणतात, मागून ‘नामंजूर’ येते, आणि दोन्ही आवाज टिपेला पोचले की राष्ट्रगीत लागते. विरोधक मंडपाबाहेर समांतर सभा घेतात. तिथेही सगळे ठराव एकमताने मंजूर होतात.