लेन्स ठरवणारे भाऊ

कॅमेरा विकत घेणारे, कॅमेरा वापरणारे आणि लेन्स ठरवणारे या तीन निरनिराळ्या जमाती आहेत. तिसरी जमात एकेकाळी मुंबई-पुण्यातच आढळायची. आता कारंजा तालुक्यातल्या कामरगावासारख्या गावातही तिचा एखादा नमुना सहज सापडावा. हे भाऊ बहुधा मास्तर असतात, नाहीतर कृषी केंद्र चालवतात. वय चाळिशीपलीकडे, पोरं शिकायला अमरावतीला, आणि सोयाबीनला भाव बरा मिळाला त्या वर्षी घेतलेला एक फुलफ्रेम मिररलेस कॅमेरा. त्याच्यासोबत २४-१०५ ची लेन्स आली, ती अजून त्यालाच लावलेली आहे. भाऊंना निसर्गचित्रं काढायची आहेत. त्यासाठी वाइड लेन्स हवी, आणि ती ठरत नाही. ‘भाऊ, घेतली का लेन्स?’ असं कोणी विचारलं की उत्तर तयार असतं : ‘पाहून राह्यलो ना बाप्पा. चौदा-पस्तीस चांगली हाये, पण कोपऱ्यात नरम हाये म्हन्तेत.’ हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जी काळजी असते ती कपाशीवर बोंडअळी पडली तेव्हाही नव्हती. लोक याला चोखंदळपणा म्हणतात, घरचे लोक वेगळा शब्द वापरतात. माझं म्हणणं असं की भाऊंचा घोळ मुळात लेन्सचा नाहीच. काय टिपायचं हे त्यांनी कधी ठरवलेलं नाही, आणि जे ठरलेलं नाही त्यासाठी कोणतीच लेन्स बनत नाही.

आधी समोरचा मुलूख पाहू. ही वऱ्हाडातली काळी, बरीचशी सपाट जमीन. ऑगस्टात गुडघाभर सोयाबीन, डिसेंबरात पिवळ्या फुलोऱ्यातली तूर, बांधावर बाभूळ, दूर एखादं देवळाचं शिखर, आणि बाकी सगळं आभाळ. इथे १६ मिलिमीटरची लेन्स लावली तर काय होतं याचा हिशेब कागदावर मांडता येतो. शंभर मीटरवर आठ मीटर उंचीची बाभूळ आहे असं धरा. चोवीस मिलिमीटर उंचीच्या सेन्सरवर तिची प्रतिमा सव्वा मिलिमीटरच्या आसपास उमटते, म्हणजे चित्राच्या विसाव्या हिश्शाइतकी. बाकीची जागा ढेकळांना आणि आभाळाला. तीच बाभूळ १०५ मिलिमीटरला साडेआठ मिलिमीटरच्या जवळ जाते, एक तृतीयांश चित्र व्यापते आणि झाड म्हणून ओळखू येते. शिवाय लांबून, लांब लेन्सने टिपल्यामुळे बांधामागचे बांध एकमेकांच्या जवळ आल्यासारखे दिसतात आणि सपाट शिवाराला थर येतात. वाइडचे भक्त यावर म्हणतील, पुढ्यात काहीतरी घ्या, मग बघा. बरोबर आहे. १६ मिलिमीटरला एफ ८ वर एक मीटरच्या जरा पुढे फोकस केला, तर अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. फुटलेलं कपाशीचं बोंड पुढे आणि मागे अख्खं शिवार, असं झकास चित्र त्यातून होतं. पण त्यासाठी त्या बोंडाच्या अर्ध्या मीटरवर, म्हणजे काळ्या चिखलात गुडघे टेकून, सूर्य उगवायच्या आत बसावं लागतं. लेन्सच्या कोपऱ्यांबद्दल तासभर बोलणाऱ्या भाऊंच्या पँटचे गुडघे पाहावेत. इस्त्री मोडलेली नसते.

सपाट मुलखात लांब लेन्स चालते हे मी काही कामरगावपुरतं काढलेलं शास्त्र नाही. ॲन्सेल ॲडम्सचं ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हे १९४१ सालचं चित्र अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या एका लहानशा खेड्याचं आहे : खाली घरं, चर्च आणि दफनभूमीतले क्रूस, वर प्रचंड काळं आभाळ, त्यात चंद्र. एवढं आभाळ बघून कोणीही ती वाइड लेन्सची करामत म्हणेल. प्रत्यक्षात ८ बाय १० इंची कॅमेऱ्यावर त्यांनी २३ इंची लेन्स लावली होती, आजच्या फुलफ्रेमच्या मापात साधारण ८० मिलिमीटर. म्हणजे भाऊंच्या २४-१०५ च्या पोटात ती केव्हाचीच बसलेली आहे. त्या संध्याकाळी ॲडम्सना लाइट मीटर सापडेना, क्रुसांवरचं ऊन निघून चाललेलं. चंद्र किती उजळ असतो हे पाठ होतं म्हणून त्यावरून एक्स्पोजर ठरवलं आणि एकच फोटो मिळाला. दुसरा घेईपर्यंत ऊन गेलं होतं. भाऊ तिथे असते तर लाइट मीटर नक्की सापडला असता, कारण त्यांच्या बॅगेत प्रत्येक वस्तूला कप्पा आहे.

वाइड लेन्स मुळातच फोल आहे असं मात्र मला म्हणायचं नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहिलं तर तो अर्धवर्तुळाकार कडा वाइडशिवाय चौकटीत मावत नाही. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवरही तसंच : व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आणि काठावर उभं राहून ते सगळं एका चौकटीत घ्यायचं तर १६-१८ मिलिमीटर हवेच. २०२० च्या जूनमध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं आणि ते फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले. त्या वेळी भाऊ दोन लेन्सचे आलेख शेजारी ठेवून बसले असतील, असा माझा अंदाज आहे. दुसरा आक्षेप रात्रीच्या आभाळाचा. आकाशगंगा टिपायची तर एफ २.८ ला एफ ४ पेक्षा दुप्पट उजेड मिळतो, हे खरं. पण त्यासाठी एक लहानशी फिक्स लेन्स पुरते. १६५ ग्रॅम वजनाची, १६ मिलिमीटर, एफ २.८ अशी एक बाजारात आहेही, पण एवढ्या हलक्या वस्तूला लेन्स म्हणायला भाऊंचं मन धजत नाही. तिसरा आक्षेप त्यांचा लाडका : मिररलेसच्या नव्या लेन्स खरोखर सुधारल्या आहेत. हेही कबूल. आरसा गेल्याने माउंट ते सेन्सर हे अंतर निकॉनमध्ये ४६.५ वरून १६ मिलिमीटरवर आलं, कॅननमध्ये ४४ वरून २० वर. मागची काच सेन्सरच्या जवळ नेता आली आणि वाइड लेन्सच्या कोपऱ्यांना त्याचा फायदा झाला. पण निसर्गचित्र बहुतेक वेळा एफ ८ किंवा ११ ला, तिवईवरून काढतात. तिथे लाखाच्या वरची आणि निम्म्या किमतीची यांच्यातला फरक शोधायला चित्र भिंतीएवढं करावं लागतं. भाऊंनी आजवर एकही चित्र पोस्टकार्डाएवढंसुद्धा छापून घेतलेलं नाही.

आता कोणी म्हणेल, नीट पारखून घेण्यात वावगं काय? बैलबाजारात शेतकरी दात मोजतो, खूर पाहतो, चालवून बघतो, रुमालाखाली बोटं दाबून भाव करतो. खरं आहे, पण मृग लागायच्या आत तो बैल घेऊन घरी येतो, कारण पुढे पेरणी उभी असते. भाऊंच्या निसर्गचित्राला पेरणीच नाही. याचा पुरावा असा की हाच माणूस दुसऱ्याची लेन्स पाच मिनिटांत ठरवतो. लग्नाचे फोटो काढणारी पोरं त्याच्याकडे येतात आणि तो छातीठोक सांगतो, ‘२४-७० घे, पैसे उरले तर ८५. वाइडच्या नादी लागू नको, कडेची मामी फुगून येते.’ सल्ला अगदी अचूक, आणि त्यावर दोन-तीन पोरांचे संसार चाललेले. लग्नात नवरदेव आधी ठरलेला असतो, म्हणून लेन्सही ठरते. स्वतःच्या बाबतीत मात्र भाऊंचा नवरदेव कधी लडाखचा तलाव असतो, कधी नॉर्वेचा किनारा. गावाबाहेरची तूर कधीच नसते. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात माळावर काळवीट उभे असतात. तिकडे जाऊ म्हटलं तर म्हणतात, ते वाइल्डलाइफ झालं, आपलं लँडस्केप.

तरी सध्या प्रगती आहे. सेलमध्ये स्वस्त मिळाला म्हणून भाऊंनी ८२ मिलिमीटरचा पोलरायझर आधीच घेऊन ठेवला, त्यामुळे इतर मापाच्या तोंडाच्या सगळ्या लेन्स यादीतून आपोआप गळाल्या. मग कळलं की फार वाइड लेन्सवर पोलरायझर लावला की निळं आभाळ एकसारखं गडद होत नाही, मधेच पट्टा उमटतो. तेव्हा १६ ऐवजी २४ पासून सुरू होणारं काहीतरी बरं, असं मत होत आलं आहे. तशी एक कॅमेऱ्याला लावलेली आहेच, तिचं तोंड तेवढं ७७ चं आहे. ७७ ला ८२ चा फिल्टर बसवणारी रिंग मिळते. ती पितळेची घ्यावी की ॲल्युमिनियमची, हे भाऊ पाहून राहिले आहेत.