अथ मासमीमांसा : सानपाडा पाठ

मास म्हणजे महिना. सानपाडा हे मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव असल्याने हा खुलासा आरंभीच केलेला बरा. पापलेटाच्या आशेने आलेल्यांनी इथूनच मागे फिरावे.

प्रश्न असा : महिना किती दिवसांचा? शाळेत याचे उत्तर मूठ वळून देतात. उंचवट्यावर एकतीस, खाचेत तीस. फेब्रुवारीपुरती खाच जरा खोल समजावी. हाडांना हे कोणी सांगितले, यावर मात्र शास्त्रकारांचे मौन आहे.

पूर्वपक्ष म्हणतो, हे रोमच्या ऑगस्टसचे काम. ज्युलियस सीझरच्या जुलैला एकतीस, मग माझ्या महिन्याला तीसच का, म्हणून त्याने फेब्रुवारीचा एक दिवस पळवला. गोष्ट जावाजावांच्या मालिकेत शोभेल अशी आहे, पण खोटी. तेराव्या शतकातल्या साक्रोबोस्को नावाच्या पंडिताने ती रूढ केली. सीझरने इ.स.पूर्व ४६ मध्ये पंचांग सुधारले तेव्हाच त्या महिन्याला एकतीस दिवस मिळाले होते. ऑगस्टसचे नाव त्याला इ.स.पूर्व ८ मध्ये चिकटले. फेब्रुवारी तर त्याही आधीपासून अठ्ठावीसचाच. रोमनांना सम आकडा अशुभ वाटे. म्हणून बाकीचे महिने २९ किंवा ३१ चे, आणि सम आकडा शुद्धीकरणाच्या फेब्रुवारीच्या माथी.

खरी किल्ली शब्दातच आहे. रोममध्ये कर्जाचे व्याज महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे ‘कॅलेंडे’ला, द्यायचे असे. त्याची वही ती ‘कॅलेंडारियम’. थोडक्यात, भिंतीवरचे कॅलेंडर ही मुळात सावकाराची वही. पुरोहित तर मर्जीतल्या अधिकाऱ्याची मुदत वाढवायला वर्षात जादा महिना घालत आणि नावडत्यासाठी तो गाळत. यावरून प्रस्तुत लेखकाचा सिद्धान्त : महिन्याची लांबी आकाशात ठरत नाही, पैसे कोणाच्या हातात पडतात यावर ठरते. आता आमच्या घरातली प्रमाणे पाहू.

रेल्वेमास. पास तारखेपासून तारखेपर्यंत चालतो. जुलैच्या एकला काढला तर ३१ दिवस, फेब्रुवारीच्या एकला काढला तर २८, पैसे तेवढेच. सानपाडा स्टेशनच्या खिडकीवर मी ही मीमांसा मांडू लागलो, तेव्हा मागच्या तरुणाने “काका, ठाण्याची गाडी जाईल,” एवढाच प्रतिवाद केला. तो अकाट्य होता.

रिचार्जमास. हा २८ दिवसांचा. असे तेरा मिळून ३६४, म्हणजे मोबाइलचे वर्ष तेरा महिन्यांचे. निदान एक प्लॅन तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला भरायचा ठेवा, असा आदेश ट्रायला २०२२ मध्ये काढावा लागला.

भाडेमास. भाडेकरूचे वर्ष अकरा महिन्यांचे. १९०८ च्या नोंदणी कायद्याने वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची केली, म्हणून ही पळवाट. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने अकरा महिन्यांचे करारही नोंदवायला लावले. पळवाट बुजली, पण बारावा महिना काही परत आला नाही.

अधिकमास. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे, सौर ३६५ चे. वर्षाला अकरा दिवसांची ही थकबाकी साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अख्खा महिना घालून फेडतात. फेडतो मात्र सासरा : जावयाला वाण, त्यात तेहतीस अनारसे.

आक्षेप : आकाश पाहून ठरवलेला महिना नाहीच काय? आहे. मेघनाद साहांच्या समितीने आखलेले राष्ट्रीय पंचांग २२ मार्च १९५७ पासून लागू झाले. त्यात वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने एकतीसचे, कारण त्या काळात पृथ्वी सूर्यापासून दूर असते आणि हळू चालते. इतका प्रामाणिक महिना दुसरा नाही. त्यावर कोणी बिल काढत नाही, आणि म्हणूनच आज राष्ट्रीय तारीख कोणती हे सोसायटीत कोणालाही सांगता येत नाही. सिद्धान्त आणखी पक्का झाला.

तो कसाला लागला आमच्या स्वयंपाकघरात. फ्रिजशेजारच्या खिळ्याला कालनिर्णय असते. त्याच्या चौकटींत दुधाच्या पिशव्यांची नोंद : ‘दोन’, ‘दोन’, ‘एक’, ‘नाही’. एका महिन्यात एकतीसच्या चौकटीवर पेन्सिलीची फुली दिसली. भांडी घासता घासता मावशी म्हणाल्या, “काका, पगार ठरला तीस दिवसांवर. वर्षात एकतीस तारीख येते सातदा. फेब्रुवारीत दोन दिवस कमी भरतात, ते मी दोन एकतीसला येऊन फेडीन. उरलेल्या पाच एकतीसला येणार नाही.”

“आणि लीप वर्षी?” मी शास्त्रार्थ वाढवला.

“तेव्हा फेब्रुवारीत एकच दिवस कमी. मग सहा.”

मी मूठ वळून दोनदा मोजले. ३६५ वजा ३६० पाच, ३६६ वजा ३६० सहा. चूक सापडली नाही.

इति सानपाडा-पाठे मासमीमांसा समाप्ता. लेखनकाल : एकतीस तारीख, भांडी घासून झाल्यावर.