बारावा बांगडा

मिरकरवाड्याच्या जेटीवरून मोजून घेतलेले बारा बांगडे घरी पोचेपर्यंत अकरा झाले. आईने पहिला संशय कोळणीवर घेतला, दुसरा माझ्यावर. दोघांचीही निर्दोष सुटका करायची तर जीपमधलं रबरी मॅट उचलून दाखवणं भाग होतं. मॅटखाली, मागच्या बाकाच्या पायाशी, फ्लोअरला वीतभर भोक होतं आणि त्यातून अंगणातला चिरा स्वच्छ दिसत होता. पिशवी खालून फाटकी, गाडीही खालून फाटकी. बारावा बांगडा वाटेत एखाद्या मांजराच्या पदरात पडला असणार.

जीप १९७४ची, महिंद्राची सीजे-थ्री-बी. विलीजच्या जीपची जुळणी महिंद्रांनी मुंबईत स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू केली, त्या घराण्यातली ही. तिकडे अमेरिकेत विलीजने १९५३ साली या मॉडेलला हरिकेन नावाचं इंजिन बसवलं. ते आधीच्या इंजिनापेक्षा उंच निघालं, तेव्हा इंजिन मावावं म्हणून बोनेटच उंच करून टाकलं. त्यामुळे ही गाडी समोरून पाहिली की कायम भुवया उंचावल्यासारखी दिसते. माझ्याकडे पाहून उंचावायला तिला कारणंही भरपूर आहेत.

समुद्र आमच्या घरापासून लांब आहे, पण खारा वारा रोज घरी येतो. शिवाय रत्नागिरीचा पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा पुरते, मीठ फक्त घाई करतं. पाणी खारट झालं की त्यातून वीज सहज वाहते, आणि गंजणं म्हणजे मुळात इवल्याइवल्या बॅटऱ्यांचाच खेळ. थोडक्यात, सकाळी कधीच न चालणारी ती एक बॅटरी सोडली तर माझ्या गाडीत ठिकठिकाणी लाखो बॅटऱ्या अहोरात्र चालू होत्या.

आळीच्या तोंडाशी डेंटिंग-पेंटिंगचं काम करणारे चाचा आहेत. ते आले, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि फणस वाजवून बघतात तसं मडगार्ड वाजवून पाहिलं. कच्चा फणस टणटण बोलतो, पिकलेला बदबद.

"पिकलाय," चाचा म्हणाले. मग फ्लोअर वाजवला. "हा तर गळून पडायला आलाय. साहेब, ही गाडी रंगाच्या भरवशावर उभी आहे."

"मग कधी घेता?"

"गणपतीनंतर आणा."

तेव्हा एप्रिल चालू होता. मध्ये अख्खा पावसाळा होता आणि आई बांगड्यांचा हिशेब विसरणाऱ्यांतली नाही. मी भाच्याचं वेल्डिंग मशीन, शेजाऱ्यांचा चार इंची ग्राइंडर आणि स्वतःचा आत्मविश्वास एवढ्या भांडवलावर अंगणात दुकान मांडलं. पैकी पहिल्या दोन वस्तू शेवटपर्यंत धड राहिल्या.

गंज काढणे हा शब्दप्रयोग फसवा आहे. गंज काढून गंज संपत नाही, पत्रा संपतो. सुरुवातीला रंगावर सुपारीएवढा फोड दिसतो. खालचं लोखंड गंजलं की मूळच्या दुपटीहून जास्त जागा मागतं, म्हणून वरचा रंग फुगतो. आपण स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने फोड उचकटतो, तर आत पापुद्रे. खारीसारखे. एक काढला की दुसरा, दुसऱ्याखाली तिसरा, आणि शेवटच्या पापुद्र्याखाली अंगण. सुपारीचा नारळ होतो, नारळाचं सूप होतं. संध्याकाळी गाडीखाली झाडू मारला तर सुपलीभर गाडी निघाली. ती टाकून द्यायला उगाचच जिवावर आलं.

ग्राइंडरला वायर ब्रश लावून खरवडायला लागलो तसा गाडीचा पूर्वेतिहास उलट्या क्रमाने बाहेर पडू लागला. वरती मी दिलेला हिरवा रंग, त्याखाली पांढरा, त्याखाली कुण्या रसिकाने दिलेला गुलबक्षी, त्याखाली रेड ऑक्साइड आणि सगळ्यांत तळाशी मूळचा राखी. मधूनमधून लांबी. ही लांबी नावाप्रमाणेच लांबलचक आणि ठिकठिकाणी बोटभर जाडही होती. मडगार्डचा जो बाक मी वर्षानुवर्षं प्रेमाने पुसत आलो, तो कारखान्यात घडलेला नसून कुणीतरी पत्र्याच्या पट्टीने थापून काढलेला होता. एका कोपऱ्यात लांबीखालून चपटा केलेला डालड्याचा डबा निघाला, चार रिबिटा मारून बसवलेला. पिवळ्यावरचं हिरवं ताडाचं झाड अजून ओळखू येत होतं.

आधीच्या मालकांचा मी त्या दिवशी मनसोक्त उद्धार केला. काय ही माणसं! गंज तसाच ठेवायचा, वरून पत्रा ठोकायचा, लांबी फासायची, रंग मारायचा आणि पुढच्याच्या गळ्यात घालायची. समोर पायरीवर भाचा चहा घेत बसला होता. त्याच्यापुढे मी सचोटीवर बराच वेळ बोललो. बोलता बोलता ड्रायव्हरच्या बाजूच्या पायदानाचा कोपरा उचकटला, तर आतून एम-सील लावून घट्ट बसवलेला वर्तमानपत्राचा बोळा निघाला. भाच्याने तो हलकेच उलगडला. पान आमच्या रत्नागिरी आवृत्तीचं होतं. तारीख माझ्या लग्नाच्या आठवडाभर आधीची होती.

वरात जीपमधून काढायची होती, वेळ कमी होता, वगैरे. भाचा काही बोलला नाही. चहा संपवून त्याने तो कागद घडी घालून खिशात ठेवला, आणि मला तीच गोष्ट काळजीची वाटते.

पॅच मारायची वेळ आली तेव्हा माझी पंचाईत झाली. १८ गेजचा पत्रा आणला, म्हणजे जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास. भोकाच्या मापाचा तुकडा कापला, कडेला धरला आणि वेल्डिंगचा रॉड टेकवला. कड वितळून गेली, भोक दोन बोटं मोठं झालं. मोठा तुकडा कापला, तीच गत. तिसऱ्यांदा मी पत्रा कापायला बसलो तेव्हा ओटीवर गोधडी शिवत बसलेली आई उठून आली. वय चौऱ्याऐंशी, चष्मा दोऱ्याने बांधलेला. तिने चपलेच्या टोकाने भोकाची कड दाबून पाहिली. ती मऊ लागली.

"अरे, विरलेल्याला ठिगळ लावतोयस तू," ती म्हणाली. "ठिगळ धड कापडाला लावायचं असतं. विरलेलं आधी कापून टाक. धड लागेपर्यंत काप, मग बघ केवढं राहतं ते."

मी कापत गेलो. धड पत्रा लागला तोवर फ्लोअरचा तिसरा हिस्सा अंगणात पडला होता आणि त्या भोकातून बांगडाच काय, मुशीही गेली असती. पण आता कडेला बोटाने वाजवलं की कच्च्या फणसासारखा आवाज येत होता.

मग तिने बाकीचंही सांगून टाकलं. ठिगळाचे कोपरे गोल कापायचे, टोकदार कोपरा आधी उसवतो. एका कडेने शिवत सुटायचं नाही, कापड ओढलं जातं आणि चुण्या पडतात. आधी चारी बाजूंनी टाचून घ्यायचं. हे शेवटचं ऐकून मी चाटच पडलो. दुसऱ्या दिवशी चाचांना गाठून विचारलं, तर त्यांनीही तेच सांगितलं, फक्त त्यांच्या बोलीत: "टॅक मारा. इकडे एक, समोर एक. थंड होऊ द्या. सलग ओढलंत तर पत्रा पापडासारखा वाकडा होईल." टाचणं काय आणि टॅक काय. गॅरेजवाल्यांनी हा शब्द विलायतेहून आणला की एखाद्या शिवणाऱ्या बाईकडून, याचा शोध भाषापंडितांनी घ्यावा.

वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी काढावी लागली, कारण या जीपमध्ये टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली असते. टाकी रिकामी होती म्हणून मी निर्धास्त होतो, तर चाचा घाबरले. भरलेल्यापेक्षा रिकामी वाईट, आत वाफ कोंडलेली असते. बावीस वर्षं मी त्या आसनावर बसून शांतपणे विड्या ओढल्या आहेत. त्यावर जास्त विचार करायचा नाही असं ठरवलंय.

मधल्या काळात पुण्याहून एक मित्र येऊन गेला. त्याने सुनावलं, घ्यायची होतीस तर लँड रोव्हर घ्यायचीस, तिला गंज नाही. अर्धं खरं आहे. १९४८ साली लँड रोव्हर निघाली तेव्हा विलायतेत पोलाद रेशनवर होतं, म्हणून बॉडीला अॅल्युमिनियमचा मिश्रधातू वापरला. पण तिची चासी पोलादीच. वरचं अंग चकचकीत आणि हाडं गंजलेली, असा प्रकार तिच्या मालकांना चांगला ठाऊक असतो. निदान माझ्या गाडीचं दुखणं वरून दिसतं. मित्राने जाता जाता आणखी एक कळ लावली. ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना २०२१च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून वेगळा नंबर मिळतो. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. मी फ्लोअरकडे पाहिलं. डालड्याचा डबा ठेवला असता तर तो मूळ स्वरूपात धरला असता का, हा प्रश्न मी अजून कुठल्या साहेबाला विचारलेला नाही.

सांध्याकोपऱ्यांत ग्राइंडर पोचत नव्हता. तिथला गंज निघेना. बाजारात गंजाला काळं करून थोपवणारं औषध मिळतं, आणि त्यातल्या काहींत टॅनिन असतं हे बाटलीवर वाचलं तेव्हा घरची विळी आठवली. केळफूल किंवा आवळा चिरला की तिचं पातं काळंभोर पडतं, ते याच कारणाने. जुन्या लोकांची हिरडा आणि हिराकसाची काळी शाई हीसुद्धा टॅनिन आणि लोखंडाचीच. आईच्या औषधाच्या डब्यातले मूठभर हिरडे कुटून उकळले आणि तो काढा ब्रशने सांध्यांत सोडला. तासाभरात तांबडा गंज निळसर काळा झाला. आनंदाच्या भरात उरलेल्या काढ्याने मी मागच्या फाळक्यावर तारीख लिहिली. हिरडे मोजून ठेवलेले असतात हे मला रात्री कळलं.

रेड ऑक्साइडचे दोन हात, त्यावर हिरवा रंग, असं करत मेअखेरीस काम उरकलं. फ्लोअर आरशासारखा झाला होता. कुठे म्हणून फट ठेवली नव्हती. गंजून गेलेल्या मोठ्या भोकांबरोबर पुढे पायांपाशी रुपयाएवढी दोन गोल भोकंही होती, त्यांवरही पत्र्याच्या चकत्या मारून टाकल्या होत्या. चाचा येऊन वाजवून गेले. "कच्चा आहे," म्हणाले. त्यांच्याकडून एवढं ऐकायला मिळालं म्हणजे पदवीच.

सात जूनला पाऊस आला. रात्रभर कोसळला, आणि जीपचा हूड मी दुरुस्तीच्या यादीत पुढच्या वर्षावर ढकललेला होता. सकाळी पाहतो तर आत घोटाभर पाणी, त्यावर आंब्याची पानं आणि एक बेडूक. या गाडीच्या बॉडीला टब का म्हणतात ते अखेर उमगलं. बादलीने पाणी उपसत असताना चाचा छत्री घेऊन फाटकाशी उभे राहिले आणि हसायला लागले. ती दोन गोल भोकं गंजाची नव्हती. गाडी धुतली, पाऊस आत आला तर पाणी निघून जावं म्हणून कारखान्यातूनच पाडलेली होती.

मी ड्रिल मशीन आणलं. नव्याकोऱ्या पत्र्यावर खडूने खूण केली. आई ओटीवरून पाहत होती.

"बेताचं पाड," ती म्हणाली. "बांगडा जाईल एवढं नको."