विसावा हिस्सा

पोळा जवळ आला की नांदगाव खंडेश्वरच्या आसपास गोठ्यांत अन् शेतातल्या झोपड्यांत तीनपत्तीचे फड बसतात. फडात पैसे उडवणारे पुष्कळ, वहीवाला एखादाच. त्याच्या आतल्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही असते अन् तिच्यात पत्त्यांचं मुद्दल घरखर्चापासून वेगळं मांडलेलं. एका बैठकीला त्यातला विसावा हिस्सा, वर दमडी नाही. मुद्दल १०,००० असेल तर ५०० घेऊन पाचच्या बुटावर बसायचं. २०,००० झालं की हजार घेऊन दहाच्या बुटावर चढायचं, अन् त्याखाली घसरलं की मुकाट्यानं परत पाचवर.

अमेरिकेच्या ख्रिस फर्ग्युसननं २००६-०७ मध्ये ऑनलाइन पोकरात शून्यातून दहा हजार डॉलर उभे केले, ते अशाच पाच टक्क्यांच्या शिस्तीवर. वहीवाल्यानं हे नाव ऐकलेलं नाही. ऐकलं तर म्हणेल, "थो माहा चेला."

चढताना सगळेच शहाणे असतात. दहाच्या फडातून उठून पाचच्या फडात येणाऱ्याला पोरं विचारतात, "काहून भाऊ, वावर गहाण पडलं काय?" वहीवाला उत्तर देत नाही. हाती इक्क्यांची जोडी असो, समोरचा ब्लाइंड खेळत असो. हिस्सा संपला की पत्ते पालथे, घोटभर पाणी, अन् घर. इतकी शिस्त मी बँकवाल्यांतही पाहिली नाही.

हाच गृहस्थ मृगात मात्र सारी जमा, सोसायटीचं पीककर्ज अन् सोयऱ्याची उसनवारी एकट्या सोयाबीनवर लावतो. तिथं विसावा हिस्सा काहून नाही, विचारलं तर दुखावतो. "ते का जुगार हाये?"

पोलिसांची धाड त्यानं हिशेबात धरलेलीच असते. १८८७ च्या जुगारबंदी कायद्याखाली बाकीच्यांची खिशातली सारी रोकड मुद्देमालात जाते, याचा फक्त एक हिस्सा. एका धाडीत जमादारानं वही उचलली, तेव्हा मात्र गडी हादरला.

"पैसे ठेवा सायेब, वही द्या. सहा पोळ्यांचा हिसाब हाये."

जमादार पानं उलटत गेला. चढला, उतरला, चढला, उतरला. शेवटी बेरीज: नफा २१० रुपये.

"अन् फडवाल्याले देल्ली थे नाल कोठी हाये?"

"थे घरखर्चात टाकतो, सायेब."