नाशिकच्या आधीचं नाशिकरोड

नाशिकरोड स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की रिक्षावाल्यांचा गजर सुरू होतो, ‘शालिमार, द्वारका, शालिमार!’ पाहुणा दारात येतो न येतो तोच गाव त्याला पुढची वाट दाखवतं. यात आगाऊपणा नाही, अनुभव आहे. रेल्वे आली ती नाशिक शहर आठ-नऊ किलोमीटर लांब ठेवून. तेव्हापासून इथं उतरणारा माणूस रामकुंडाच्या नाहीतर त्र्यंबकेश्वराच्या ओढीनंच उतरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला शहरात पोचवायला घोड्यांची ट्रामसुद्धा होती.

खुद्द नाशिकरोडकरही लग्नाचा बस्ता बांधायला निघाले की ‘नाशिकला जाऊन येतो’ म्हणतात. नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड-देवळाली या नगरपालिका मिळून १९८२ साली महानगरपालिका झाली. चार दशकं उलटली, तरी ही बातमी बोलण्यापर्यंत काही पोचलेली नाही.

आता या धाकट्या पातीचा कारभार बघा. पूर्वी आपली पोस्टाची तिकिटं विलायतेहून छापून येत. १९२५ साली इथं सिक्युरिटी प्रेस सुरू झाली, १९२८ साली नोटांची प्रेस. पुढं पासपोर्टही इथंच छापू लागले, म्हणजे सातासमुद्रापार जायचं तेही नाशिकरोडच्या कृपेनं! ‘मुलगा प्रेसमध्ये आहे’ एवढं कळलं की मुलीकडचे पत्रिकेतल्या मंगळाकडं काणाडोळा करत. तो मुलगा मात्र दिवसभर कोऱ्या नोटांच्या चळती हाताळतो, सुटताना गेटवर झडती देतो आणि घरी येऊन लेकीच्या फीसाठी पतपेढीच्या कर्जाचा फॉर्म भरतो. पैशाकडं इतक्या निर्विकारपणे बघायला साधुसंतांना जन्म घालवावा लागला. इथं ते एका पाळीत जमतं.

जेलरोडला मध्यवर्ती कारागृह आहे. नाशिकच्या तुरुंगातच १९३३ साली साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. महाराष्ट्राला रडवणारं पुस्तक आणि पहिल्या तारखेला हसवणारी नोट, दोन्हींचं माहेर एकच!

गावाचा स्वभावही रोकडा. मुख्य चौकाला कुणा सेनापतीचं नव्हे, दंतमंजनवाल्या बिटकोचं नाव. त्याच घराण्यानं बांधलेल्या संगमरवरी मुक्तिधामात बारा ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती आहेत आणि भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय. भारतभर फिरण्याचं भाडं वाचतं आणि पुण्याचा हिशोबही चुकत नाही. सकाळी पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला नोकरीला जाणारे पासधारक तर गाडीतच वाढदिवस करतात, कारण घरी जागेपणी सापडतात कुठं?

सिंहस्थाला याल तेव्हा गोदावरीत डुबकी जरूर मारा, पण अर्धा तास नाशिकरोडलाही द्या. देशाचे पैसे छापणाऱ्या या गावाच्या पदरी तुमच्या एका चहाचे तरी पैसे पडू देत.